संडासाच्या टाकीशेजारचं झाड तोडताय? या चुका टाळा

झाड तोडायला आलेला कटरवाला वर बघत असतो. खाली काय आहे ते बघायचं काम घरमालकाचं, आणि घरमालक नेमका तेव्हाच चहाचं सांगायला आत गेलेला असतो.

पहिली चूक म्हणजे टाकी कुठे आहे ते आठवणीवर सांगणं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून गेलं आणि रायगडात जो तो घरावर कललेली झाडं काढायला लागला. एका घरी फणस होता. काका म्हणाले, "टाकी गोठ्याच्या अंगाला. मी उभं राहून बांधून घेतलीय." जेसीबी स्वयंपाकघराच्या बाजूने घेतला. आधी स्लॅब कुरकुरला, मग मागचं चाक निम्मं आत. काका खोटं बोलत नव्हते. गोठ्याकडची टाकी जुनी, कधीच बुजवलेली. नवी मुलाने बांधली, तेव्हा काका मुंबईला होते. साडेसात टनांच्या आसपासचं यंत्र आणि खाली माणसांच्या चालण्यापुरता स्लॅब! ते बाहेर काढायला दुसरा जेसीबी आणावा लागला. गणपतीला मुंबईकर आले तेव्हा संडास शेजाऱ्यांचा.

म्हणून मी कुणाचंच ऐकत नाही. चेंबरचं झाकण उघडतो, पाइप कुठल्या अंगाला गेलाय ते बघतो आणि त्या रेषेच्या थोडं बाजूने पहार हलक्या हाताने टोचत जातो. स्लॅबवर टेकली की हाताला कळतं. मग टाकी, शोषखड्डा आणि मधला पाइप, सगळ्यांभोवती फक्कीची रेघ. यंत्र रेघेपासून दहा फूट लांब. "फळ्या टाकून नेतो ना साहेब" म्हणणाऱ्याला मी आधी त्या फळ्या घेऊन घरी पाठवतो.

अख्खं झाड एकदम आडवं करू नका. दोर बांधून तुकडे खाली घ्या, वेळ लागला तर लागू दे.

ओंडके शोषखड्ड्यावर रचू नका. पालापाचोळा टाकीच्या वाफेच्या पाइपाजवळ जाळू नका, आत मिथेन असतो. आणि तडा बघायला टाकीत कुणालाही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणूस ओरडायच्या आधी पडतो, आणि काढायला उतरलेला दुसराही.

आता बुडखा. "मुळासकट काढून टाका" हा हट्ट मला कळलेलाच नाही. चिऱ्याच्या टाकीला मुळं बाहेरून मिठी मारून असतात. उंबर, पिंपळ असेल तर सांध्यातून आतही शिरलेली. बुडखा ओढला की चिरा सोबत येतो आणि पावसाळ्यात घाण पाणी अंगणात. मी बुंधा जमिनीलगत कापून सोडून देतो. उंबर-पिंपळाला धुमारे फुटतात, ते दर पंधरा दिवसांनी कोयत्याने उडवायचे. मोरचूद, ॲसिड ओतणारे उतावळे भेटतात. ते झिरपून टाकीत गेलं तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात.

परवानगीचं आधी बघा, आंबा-फणसाला तर नक्कीच. घर शहरात असेल तर वृक्ष प्राधिकरण, गावात असेल तर वनखातं.

माझ्या परसातला आंब्याचा बुडखा अजून तिथेच आहे. बायको त्यावर धुण्याची बादली ठेवते.