वेब ॲपमधली थरथर: ‘ट्रू’ आलं म्हणजे फोन हलला असं नाही

बटण दाबल्यावर बोटाला हलकी थरथर जाणवावी, यासाठी लागणारा कोड एका ओळीचा आहे: नॅव्हिगेटर.व्हायब्रेट(२०). आकडा मिलिसेकंदांत. ॲरे दिला, समजा [४०, ८०, ४०], तर पहिला आकडा थरथरीचा, दुसरा विश्रांतीचा, तिसरा पुन्हा थरथरीचा. शून्य दिलं की थरथर थांबते. नवा कॉल आधीचा रद्द करतो, त्याच्यामागे रांगेत थांबत नाही. शिकण्यासारखं एवढंच, नवखे अडकतात ते यापुढे.

कॉलमधून ट्रू परत आलं तर त्याचा अर्थ ‘विनंती घेतली’ इतकाच. लॅपटॉपवरच्या क्रोममध्येही हे फंक्शन असतं आणि हलवायला काही नसताना ट्रू देतं. अँड्रॉइड फोन सायलेंटवर असला की क्रोम थरथरवत नाही, पण हे तुमच्या कोडला कळत नाही. त्यामुळे डेव्हटूल्सच्या (क्रोममधल्या तपासणी-साधनांच्या) मोबाइल व्ह्यूमध्ये तपासणं निरुपयोगी. खरा फोन यूएसबी केबलने जोडा, लॅपटॉपवर क्रोम://इन्स्पेक्ट उघडा आणि फोन हातात धरून तपासा.

सर्वांत जास्त वेळ खाणारा बग असा: पहिला स्पर्श मुका, दुसऱ्यापासून सगळं सुरळीत. वापरकर्त्याने पानाला एकदाही स्पर्श केला नसेल, तर क्रोम हा कॉल अडवतो. आणि टचस्क्रीनवर तो स्पर्श मोजला जातो बोट उचलल्यावर, टेकवल्यावर नव्हे. तुमचा हँडलर (स्पर्श झाल्यावर चालणारा कोड) पॉइंटरडाउनवर, म्हणजे बोट टेकताच चालणारा असेल तर पहिल्या वेळी तो घाईने धावतो आणि अडकतो. कन्सोलमध्ये तशी सूचनाही दिसते. हँडलर क्लिकवर ठेवा. पान उघडताच थरथर देण्याचा प्रयत्नही याच कारणाने फसतो.

आकडे निवडताना मोटरचा विचार करा. अनेक स्वस्त फोनमध्ये एका बाजूला जड असलेलं वजन फिरवणारी मोटर असते. तिला वेग घ्यायला आणि थांबायलाही वेळ लागतो, म्हणून १० मिलिसेकंद तिथे बहुधा जाणवतच नाहीत. महागड्या फोनमधल्या एलआरएवर (वजन न फिरवता सरळ रेषेत मागेपुढे हलवणाऱ्या मोटरवर) तेच १० टिचकीसारखे स्पष्ट लागतात. साध्या स्पर्शाला १५ ते २५ आणि चुकीच्या इनपुटला वरचा [४०, ८०, ४०] इथून सुरुवात करा. मधली विश्रांती ५० च्या खाली नेली तर स्वस्त फोनवर दोन ठोक्यांची एकच गुरगुर होते. जोर कमीजास्त करायची सोय या एपीआयमध्ये, म्हणजे ब्राउझरने दिलेल्या या फंक्शनमध्ये नाही. हातात फक्त वेळ आहे.

आता आयफोन. सफारीमध्ये हे फंक्शनच नाही. तिथे थेट कॉल केला की टाइपएरर येतो आणि हँडलरमधल्या पुढच्या ओळी चालतच नाहीत. व्हायब्रेट पहिल्या ओळीत आणि फॉर्म पाठवणं दुसऱ्या ओळीत असेल, तर आयफोनवाल्याचा फॉर्म जातच नाही. म्हणून आधी फंक्शन आहे का ते तपासा, आणि थरथरीची ओळ मुख्य कामानंतर लिहा. फायरफॉक्सनेही हे एपीआय काढून टाकलं आहे, त्यामुळे ही तपासणी फक्त आयफोनपुरती समजू नका.

आयओएस १८ पासून स्विच ॲट्रिब्यूट लावलेला चेकबॉक्स चालू-बंद करताना फोन टिचकी देतो. काहीजण असा चेकबॉक्स लपवून त्याच्या लेबलवर कोडमधून क्लिक करतात. ही पळवाट आहे. कुठल्याही अपडेटमध्ये बंद पडू शकते, तिच्यावर फीचर उभारू नका. खरोखरच स्विच हवा असेल तिथे मात्र हा चेकबॉक्स जरूर वापरा. आयफोनवर नेमकी हॅप्टिक्स (बोटाला जाणवणारी थरथर) हवीच असतील, तर ॲप कपॅसिटरमध्ये (वेब ॲपला फोनवरचं ॲप बनवणाऱ्या साधनात) गुंडाळून त्याचं हॅप्टिक्स प्लगइन घ्या. तिथे हलका, मध्यम, जोरदार असे प्रकार मिळतात.

सगळे कॉल एकाच फाइलमधल्या एका फंक्शनमधून जाऊ द्या आणि सेटिंग्जमध्ये थरथर बंद करायचं बटण द्या. कॉल असे एका जागी असले की थरथर बंद करणं म्हणजे एका अटीचं काम. टाइप करताना प्रत्येक अक्षराला थरथर देऊ नका: अँड्रॉइडचा कीबोर्ड बहुतेकदा स्वतःची देतच असतो, आणि दोन्ही मिळून बोटाला नुसता त्रास होतो.