पर्यावरणपूरक चित्रप्रदर्शन करताय? मग या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रदर्शनांच्या मांडणीची कामं मी बरीच वर्षं करतेय. हल्ली दर दुसरा आयोजक फोनवर सुरुवातीलाच सांगतो, "ताई, यंदा सगळं इको-फ्रेंडली हं." मी विचारते, "सनबोर्ड किती छापायला टाकलेत?" पलीकडे शांतता.

सनबोर्ड हे माझं जुनं दुखणं. नावावरून पुठ्ठ्याचा कुणी भाऊबंद वाटतो, पण आपल्याकडचे छपाईवाले देतात ती बहुतेक वेळा पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या फेसाची पाटी असते. तिच्यावर चिकटवलेलं छापील व्हिनाईलही पीव्हीसीच. काही वर्षांपूर्वी वाशीत पाणथळ जागांवरच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं होतं. विषय ठाण्याची खाडी, खारफुटी, फ्लेमिंगो. खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, त्याचं कौतुक करणारी एक वेगळी मोठी पाटीही होती. एकूण चोवीस पाट्या, २ बाय ३ फुटांच्या, भिंतीला फोम टेपने चिकटवलेल्या. प्रदर्शन तीन दिवसांचं. रविवारी रात्री नऊला हॉल रिकामा करायचा होता. टेप ओढली की भिंतीचा रंग पोपड्यासकट हातात यायचा आणि घाईत पाट्यांचे कोपरे मोडायचे. बरं, शाबूत राहिलेल्या पुन्हा वापराव्यात, तर प्रत्येकीवर तळाशी तारीख आणि प्रायोजकाचं नाव छापलेलं.

सकाळी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक पाटी उचलली, कोपरा नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, याचं काही येत नाही." मग लोखंडी स्टँड आहेत का ते विचारून निघून गेला. पाट्या कित्येक महिने जिन्याखाली पडून होत्या. त्यातली एक वॉचमनच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसली, फ्लेमिंगो खाली तोंड करून.

सनबोर्डचं खरं आकर्षण एकच, तो चार तासांत छापून मिळतो. नव्या मंडळींना तेवढंच हवं असतं, कारण फोटो निवडायलाच त्यांनी शुक्रवार उजाडवलेला असतो. माझी सवय सांगते. एकाच मापाच्या लाकडी फ्रेमा मी गोळा करून ठेवल्यात, काही बंद पडलेल्या स्टुडिओतून, काही भंगारातून. फोटो कागदावर छापायचा, फ्रेममध्ये घालायचा, रेलवरून दोरीने टांगायचा. तारीख आणि प्रायोजक वेगळ्या कागदी पट्टीवर. त्या फ्रेमांनी आजवर किती प्रदर्शनं पाहिली ते मोजणं मी सोडून दिलंय. एखादी वस्तू कशाची बनली यापेक्षा ती किती वेळा भिंतीवर चढली हे मी आधी बघते.

"फ्लेक्स नको, कापडी बॅनर करू" म्हणणारे पुढचा खड्डा खणतात. ते कापड बहुधा पॉलिएस्टर निघतं. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि सजावटीचं थर्मोकोल देशभर बंद आहे. यातून "म्हणजे जाड फ्लेक्स चालतो" असा अर्थ काढणारे महाभागही मला भेटलेत.

शिल्पांचे चौथरे सुताराला फेविकॉल लावू न देता फक्त स्क्रूवर जोडायला सांगा, म्हणजे उघडून पुन्हा वापरता येतील. सुतार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आता एसी. इथे मात्र उत्साहाने घात होतो. ठाण्यात एका जुलैत जलरंगांचं प्रदर्शन होतं. आयोजक तरुण, मनापासून काम करणारा. दिवसभर एसी १८ वर, लोकांनी आत यावं म्हणून दार उघडं, आणि रात्री आठला वीज वाचवायची म्हणून सगळं बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर चित्रं वाळवणातल्या पापडांसारखी लाटा घेऊन उभी. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. ही चित्रं चारही कडांनी माउंटला, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली, मग तो जाणार कुठे? आणि रात्री वाचवलेली वीज दिवसाच्या १८ ने केव्हाच खाल्ली होती.

मोठ्या संग्रहालयांच्या बिझो या आंतरराष्ट्रीय गटाची हरित नियमावलीसुद्धा गोठवणारा गारठा मागत नाही. तापमान १६ ते २५ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि २४ तासांत आर्द्रतेची चढउतार १० टक्क्यांच्या आत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हवा स्थिर हवी. २०२० पासून नवे एसी मुळात २४ वरच सुरू होतात, त्या आकड्याला हात लावू नका. दार बंद ठेवा, पंखा लावा, भिंतीवर आर्द्रतामापक टांगा आणि कागद फक्त वरच्या कडेला अडकवा. रात्री एसी थांबवायचाच तर मापक बघून. आणि कागदावरची कामं जुलैत लावायचा हट्ट कशाला? डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात हवेची एवढी मनधरणी करावी लागत नाही.

दिव्यांचं एका दमात सांगते. ५० वॉटचे २० हॅलोजन म्हणजे दर तासाला एक युनिट, वर त्यांची उष्णता एसीने ओढायची. ७ वॉटच्या एलईडीत तेच काम १४० वॉटवर भागतं.

उद्घाटनाला २०० मिलीच्या बाटल्या नकोत, जार आणि स्टीलचे पेले ठेवा. बियांच्या कागदाची निमंत्रणं छापू नका, मी एकही पेरलेलं पाहिलं नाही.

पॅकिंगला तुर्भ्याच्या मार्केटातून आंब्याच्या पेटीतलं गवत आणू नका, किडे येतात. बबलरॅपही थेट ॲक्रिलिकच्या रंगावर नको, टेम्पोतल्या उकाड्यात रंग मऊ होऊन गोल ठसे उठतात. मी आधी जुनी, धुतलेली सुती चादर घालते, खळ नसलेली, आणि वरून गोधडी. बबलरॅप लागलाच तर गोधडीच्या बाहेरून, आणि तोच पुन्हा पुन्हा.

सगळ्यात जास्त कचरा होतो तो उतरवणीला, कारण त्या रात्रीचा विचार कोणी केलेलाच नसतो. वॉचमनला कुलूप घालायची घाई, टेम्पोवाला वेटिंग लावतो, आणि सगळे "टाका हो" म्हणू लागतात. म्हणून छपाईला काही टाकण्याआधी मी आयोजकाकडून एका कागदावर लिहून घेते, कुठली वस्तू सोमवारी कोणाच्या घरी जाणार. नाव नसेल तर ती वस्तू बनवायची नाही. गोधड्यांपुढे माझं नाव असतं. अकरा आहेत, मोजून परत घेते.