रोज रात्री चार ओळी: डायरी कशी लिहावी आणि टिकवावी

डायरी लिहायची म्हटलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मला लिहिता येत नाही. मला हे पटत नाही. ज्याला आज काय काम झालं ते सांगता येतं, त्याला डायरी लिहिता येते.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीची नोंद आम्हाला ठेवावीच लागते: कोणतं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख. निर्यातीचा माल असेल तर शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस जावे लागतात, त्यामुळे वहीशिवाय चालतच नाही. त्या नोंदींच्या खाली मी घरातलं आणि स्वतःचं लिहायला लागले. आता बागेची वही वेगळी आणि माझी वेगळी. पण बागेच्या वहीने लावलेली शिस्त माझ्या वहीतही राहिली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे: आधी घडलेलं लिहा, वाटलेलं त्याच्या नंतर.

वही साधी घ्या. दिवाळीच्या सुमाराला कृषी सेवा केंद्रवाले छापील तारखांच्या डायऱ्या देतात. त्या हिशेबाला चांगल्या, रोजनिशीला नाहीत. चार दिवस लग्नाला गेलात की चार कोरी पानं तोंडाकडे बघत बसतात आणि लिहिणं तिथेच सुटतं. फुलस्केप रजिस्टर आणा, तारीख आणि वार आपल्या हाताने टाका. एखादे दिवशी एक ओळ होईल, एखादे दिवशी दोन पानं. राहिलेले दिवस मागे जाऊन भरत बसू नका. आजची तारीख टाका आणि पुढे चला.

वेळ ठरवताना घड्याळ बघण्यापेक्षा रोज न चुकणारं एखादं काम बघा. माझं लिहिणं दुधाला विरजण लावलं की होतं. कुणाचं मोटार बंद करून आल्यावर होईल, कुणाचं मुलं झोपल्यावर. त्या कामाला लिहिणं जोडून द्या, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

आता काय लिहायचं. माझ्या चार ओळी अशा असतात: हवा, काम, पैसा, माणसं. नमुना म्हणून एक दिवस देते. ‘सकाळी धुकं, नऊपर्यंत ऊन नाही. बाग दोडा अवस्थेत (घड फुलोऱ्यात येण्याआधी), बायांनी फेल (वेलीचे जादा फुटवे) काढली, तीन ओळी राहिल्या. टोळीला उचल दिली. सासूबाई जेवल्या नाहीत, नुसता ताकभात. माझं डोकं दुपारपासून दुखतंय. सगळं माझ्याच अंगावर पडल्यासारखं वाटलं.’ बघा, शेवटच्या वाक्याआधी त्याचं कारण आलेलं आहे. नुसतं ‘आज मन उदास’ लिहिलं असतं, तर सहा महिन्यांनी वाचताना हाती काहीच लागलं नसतं.

फायदा इथूनच सुरू होतो. मला अर्धशिशीचा त्रास आहे. कधी उन्हामुळे, कधी जागरणामुळे असं आपण अंदाजाने म्हणतो. वहीत ‘डोकं’ हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करत गेले, आणि मग त्या दिवसांच्या वरच्या ओळी वाचल्या. बहुतेक वेळा तो दिवस मजूर जास्त असण्याचा आणि माझं जेवण तीनच्या पुढे गेल्याचा होता. डॉक्टरांकडे गेले तेव्हा वही सोबत नेली. ‘अधूनमधून दुखतं’ याऐवजी तारखा सांगता आल्या. ज्याला साखर, रक्तदाब, पाळीचा त्रास, सांधेदुखी काहीही आहे, त्याने निदान एवढ्यासाठी तरी लिहावं.

दुसरं म्हणजे भांडणं आटोक्यात राहतात. आमच्याकडे पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पाण्याच्या पाळीवरून भावकीत बोलाचाली ठरलेल्या. मागच्या वेळी पाणी कुणी किती वाजता घेतलं, हे प्रत्येकाला आपापल्या सोयीचं आठवतं. तारीख आणि वेळ लिहिलेली असली की आवाज चढत नाही. नवरा-बायकोतही तसंच, फक्त तिथे वही पुरावा म्हणून समोर आपटू नये. आपण आपली वाचावी आणि मग बोलावं.

आणि भीती. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचत असालच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला ते दर हिवाळ्यात छापून येतं. मणी तडकतील म्हणून आम्ही रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. अशा रात्री मन म्हणतं, असं संकट कधी आलंच नव्हतं. वही म्हणते, आलं होतं, पहाटेपर्यंत जागलात, अमुक प्लॉटचं नुकसान झालं, बाकी माल निघाला. हा धीर मला कुणाच्या समजावण्याने येत नाही, माझ्याच अक्षरातल्या नोंदीने येतो.

झोप येत नसेल त्यांनी शेवटी उद्याच्या कामांची यादी लिहावी. माझी लेक मानसशास्त्र शिकते, तिने मला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर तो केला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी उरलेली कामं लिहिली, काहींनी झालेली. उरलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण माझा अनुभव त्याच बाजूचा. ‘डिपिंगचं (घड बुडवायचं) औषध आणणे, लाइटबिल, गॅस’ एवढं कागदावर उतरलं की ते डोक्यात फिरत नाही.

मोठं दुःख लिहिण्याची रीत मात्र निराळी. तिथे चार ओळी पुरत नाहीत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं मन लगेच जड झालं, पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून लिहिताना रडू आलं तर घाबरू नका. सुट्या कागदावर लिहा, मन मोकळं झालं की फाडून टाका, ठेवलाच पाहिजे असं नाही. मात्र त्याच त्या विचारात आठवडेच्या आठवडे अडकलात, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वहीवर भागवू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

डायरीत फक्त आपलंच लिहावं असंही नाही. पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंची समाधी आहे. १९१७ पासून १९४२ मध्ये तिथेच कैदेत वारेपर्यंत ते गांधीजींसोबत होते, आणि गांधीजी काय बोलले, कुणाला काय उत्तर दिलं हे त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. ती समाधी बघून आल्यावर मी सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं लिहायला लागले: कुठल्या साली विहिरीला पाणी लागलं, घरात पहिली सायकल कधी आली. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आजच सुरू करा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

घरच्यांनी वाचलं तर, ही भीती बायकांना जास्त. घरात स्पष्ट सांगून ठेवा की ही वही माझी आहे. तरी कुणी उघडतच असेल तर नावं न लिहिता खुणेची अक्षरं वापरा, वही कुलपात ठेवा. खोटं मात्र लिहू नका, एकदा खोटं लिहिलं की ती वही तुमच्या उपयोगाची राहत नाही.

महिन्याच्या शेवटी मागची पानं वाचा, निदान अर्धा तास. पान भरलं की वरच्या कोपऱ्यात एकच शब्द टाका: पाणी, डोकं, उधारी, शाळा. शोधायला सोपं जातं. पेन साधं बॉलपेन घ्या, जेलची शाई ओल्या हाताने पसरते. भरलेल्या वह्यांच्या पाठीवर महिना आणि साल लिहा आणि लोखंडी पेटीत ठेवा, लाकडी कपाटात वाळवी लागते.