स्वरयंत्रातील कॅल्सिटोनिन-पॉझिटिव्ह गाठ : मूळची की थायरॉइडमधून आलेली?

स्वरयंत्रातील कर्करोग बहुतांशी स्क्वॅमस (आवरणातील चपट्या) पेशींचे असतात. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवू शकणाऱ्या पेशींच्या) गाठींचे प्रमाण सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. या दुर्मीळ गटातही सर्वांत फसवी जोडी म्हणजे स्वरयंत्राचा अ‍ॅटिपिकल कार्सिनॉइड (मध्यम दर्जाची न्यूरोएंडोक्राइन गाठ) आणि थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचा). सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी पुंजक्यांनी मांडलेल्या दिसतात, दोन्ही सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या न्यूरोएंडोक्राइन प्रथिनांच्या डागांना (पेशींतील प्रथिन रंगाने दाखवणाऱ्या चाचण्यांना) प्रतिसाद देतात, आणि कॅल्सिटोनिनचा डाग दोन्हींत उमटू शकतो. त्यामुळे मानेतल्या लसीका ग्रंथीच्या बायोप्सीत कॅल्सिटोनिन दिसताच ‘मेड्युलरी’ असा अहवाल लिहिण्याचा मोह आवरावा.

सुरुवात काचपट्टीपासून नव्हे, रुग्णापासून करावी. स्वरयंत्रातली मूळ गाठ बहुधा धूम्रपान करणाऱ्या, पन्नाशी-साठीतल्या पुरुषात, स्वरपट्ट्यांच्या वरच्या भागात, विशेषतः अ‍ॅरिटेनॉइड या कूर्चेजवळ असते. ती लहान असतानाच मानेत पसरू शकते. म्हणून मानेतली गाठ आधी लक्षात आली असली, तरी एंडोस्कोपीने स्वरयंत्र नीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोबत थायरॉइडची सोनोग्राफी करावी आणि रक्तातील कॅल्सिटोनिन व सीईए (कर्करोगाचा एक रक्तसूचक) मोजावे. माझ्या मते, याच पायरीवर निम्मा निकाल लागतो, कारण पेशींत कॅल्सिटोनिन असूनही स्वरयंत्राच्या गाठीत त्याची रक्तातील पातळी सहसा सामान्य राहते, तर पसरलेल्या मेड्युलरी कर्करोगात ती बहुधा बरीच वाढलेली असते. अपवाद दोन्हीकडे आहेत.

त्यानंतर डागांचा संच वाचावा. मेड्युलरी कर्करोगात टीटीएफ-१ (थायरॉइड व फुप्फुसाच्या पेशींतील प्रथिन) सहसा ठळक आणि सर्वदूर उमटतो; स्वरयंत्राच्या अ‍ॅटिपिकल कार्सिनॉइडमध्ये तो नसतो किंवा पुसट, तुरळक दिसतो. केराटिन (आवरणपेशींचे प्रथिन) निगेटिव्ह असून पुंजक्यांच्या कडेने एस-१०० (आधारपेशी दाखवणारे प्रथिन) पॉझिटिव्ह पेशी दिसल्या, तर पॅरागँग्लिओमाचा (मज्जातंतूंशी निगडित न्यूरोएंडोक्राइन गाठीचा) विचार करावा. मात्र गाठ लहान पेशींची, उच्च दर्जाची असेल, तर टीटीएफ-१ वरून मूळ जागा ठरवू नये. हा डाग फुप्फुसाबाहेरच्या अशा गाठींतही पॉझिटिव्ह येतो. तेथे छातीचे सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅनच उपयोगी पडते.

स्वरयंत्रातली गाठ स्वच्छ (पारदर्शक दिसणाऱ्या) पेशींची असेल, तर ती मूत्रपिंडाच्या कर्करोगातून पसरलेली असू शकते, याची आठवण ठेवावी. कधी कधी रुग्णाचे मूत्रपिंड दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेले असते आणि तो ते सांगायचे विसरतो, म्हणून थेट विचारावे. पॅक्स-८ (मूत्रपिंडाच्या पेशींतही आढळणारे प्रथिन) पॉझिटिव्ह आल्यास संशय बळावतो. अशी गाठ रक्ताळ असते, हे बायोप्सी घेणाऱ्यालाही आधी कळवावे. मेलानोमात (रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगात) वरच्या आवरणातच विकृत पेशी आढळल्या, तर ती गाठ स्वरयंत्रातच मूळची असण्याकडे कल झुकतो, पण व्रण पडल्यास हा पुरावाच नाहीसा होतो.

मेड्युलरी निदान पक्के झाल्यास थायरॉइड शस्त्रक्रियेपूर्वी फिओक्रोमोसायटोमा (अधिवृक्क ग्रंथीची संप्रेरक स्रवणारी गाठ) नसल्याची खात्री करावी लागते; शिवाय अशा सुमारे एक चतुर्थांश गाठी आनुवंशिक असल्याने रुग्णाची आरईटी जनुकाची तपासणी आवश्यक ठरते. तेव्हा पुरावा अपुरा असल्यास अहवालात ‘न्यूरोएंडोक्राइन कर्करोग, मूळ स्थान अनिश्चित’ असे लिहून, उरलेल्या तपासण्यांची नावे त्याखाली स्पष्टपणे द्यावीत.