पाटे काढून कॉइल: जुन्या ५४०चे मागचे आर्म शेडमध्येच कसे केले

उसाचा हंगाम संपला, ट्रॉल्या आपापल्या गावी गेल्या की उद्यमनगरातलं आमचं शेड महिनाभर मोकळं असतं. त्या महिन्यात मी माझ्या जुन्या महिंद्रा ५४० जीपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढले, गाडी तीन इंच उचलली आणि कॉइल स्प्रिंगवर चार आर्म, म्हणजे ॲक्सल चॅसीशी जोडणाऱ्या नळ्या, घालून घेतले. दोनदा केले म्हणा. पहिल्यातला एक मोडला. कसा, ते पुढं सांगतो. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण वेल्डिंगचा भाग वाचा.

आधी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. माझी गाडी ट्रेलरवर चढून जाते, मित्राच्या माळावर उतरते आणि तिथंच चिखल खाते.

पाटा दोन कामं करतो: वजन तोलतो आणि हौसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचाला, जागेवर धरतो. कॉइल फक्त वजन तोलते. म्हणजे धरायचं सगळं काम आर्मवर येतं. ब्रेक मारला, दगडावर चाक आपटलं, पहिल्या गिअरात चढ घेतला, सगळी ओढाताण त्या चार नळ्यांतून चॅसीत जाते. म्हणून भंगारातली नळी नको आणि पाण्याची जीआय तर नकोच. जस्त लावलेली नळी वेल्ड केली की धूरही विषारी. मी खालच्या आर्मला ५० मिमी बाहेरचा व्यास आणि ६ मिमी जाडीची सीमलेस (बिनजोडाची) नळी घेतली, वरच्यांना ४५ मिमी, ५ जाडीची. ५० ची नळी मीटरला साडेसहा किलो भरते. उचलून बघा, हाताला कळतं.

पाइप कापायच्या आधी माप. गाडी सपाट फरशीवर, चारी चाकांत सारखी हवा, आणि ज्या उंचीवर गाडी शेवटी उभी राहणार त्याच उंचीवर घोड्यांवर टेकवलेली. चॅसीवरच्या ब्रॅकेटच्या भोकातून ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं खूण करा. हौसिंगकडंही तेच. दोन्ही बाजूंच्या खुणांचे कर्ण जुळले तर हौसिंग गुण्यात आहे. मोबाईलमधल्या लेव्हलवर सगळा भरवसा ठेवू नका. ओळंब्याला चार्जिंग लागत नाही.

मांडणीचे माझे आडाखे असे: खालचे आर्म जमेल तितके आडवे. हौसिंगवर खालचा आणि वरचा आर्म यांच्यात टायरच्या उंचीच्या पाव भाग अंतर. माझं टायर ३१ इंची, म्हणून तिथं २०० मिमी ठेवलं. चॅसीकडं ते कमी, १३० मिमी. वरचा आर्म खालच्याच्या पाऊण लांबीचा: खालचा ७६०, वरचा ५६०, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. वरचे दोन आर्म वरून बघितल्यावर व्ही आकारात बसवले, दोघांतला कोन ४० अंशांच्या वर. त्यामुळं हौसिंग आडवं सरकत नाही आणि वेगळा पॅनहार्ड रॉड लागत नाही. ही मापं माझ्या गाडीची आहेत, उचलून तुमच्या गाडीला लावू नका.

खालच्या आर्मला चॅसीकडं रबर बुश, हौसिंगकडं रॉड एंड, म्हणजे आट्याच्या दांड्यावरचा फिरता गोळा. दोन्हीकडं रॉड एंड घातले तर खडखडाट डोक्यात जातो. वरच्यांना मात्र दोन्ही टोकांना रॉड एंड, एक उलट्या आट्याचा. ट्रॅक्टरची टॉपलिंक बघितली असेल, तसंच. नळी फिरवली की लांबी बदलते, बोल्ट काढावा लागत नाही. एम २४, २ मिमी पिचचे आटे घेतले तर एका फेऱ्याला ४ मिमी फरक पडतो. (टॉपलिंकच कापून लावू का, असं आमच्याच पोरानं विचारलं होतं. नाही. तिचा गोळा ढिला बसतो, तिला हे काम झेपत नाही.)

आटे नळीत थेट पाडायचे नसतात. लेथवर ईएन८ पोलादाचा तुकडा काढून घ्यायचा: ५० मिमी लांबी नळीच्या आत, १० मिमी कॉलर बाहेर. सीमलेसचा आतला व्यास सगळीकडं सारखा नसतो, म्हणून लेथवाल्या काकांकडं नळीच घेऊन जा. किमान ३६ मिमी आटा आत राहिला पाहिजे, त्याच्या पलीकडं रॉड एंड बाहेर काढायचा नाही.

आता मोडलेल्या आर्मची गोष्ट. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. आम्ही ट्रॉलीच्या साध्या अँगलसारखा तो थंडाच वेल्ड केला आणि उशीर होतोय म्हणून बादलीत बुडवला. चर्र झालं, पोरं खूश. काका दारातनं बघत होते. म्हणाले, "घाई कशाला करालाईस? काच केलीस की त्याची." मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात माळावर चढ घेताना वेल्डच्या अगदी कडेनं आर्म तुटला, गाडी खेकड्यासारखी तिरकी झाली. वेग चालण्याइतका होता म्हणून निभावलं. वेल्ड शाबूत होता, शेजारचं लोखंड कडक होऊन तडकलं होतं.

दुसऱ्या वेळी कॉलरला आणि नळीला जोडावर ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच मारली. नळीला समोरासमोर १२ मिमीची दोन भोकं पाडली, त्यातूनही आतला तुकडा वेल्ड होतो. दोन्ही भाग गॅसनं १५० ते २०० अंश तापवले, मग वेल्डिंगची सुकवलेली ७०१८ कांडी. आधी चार टाके, मग समोरासमोरच्या बाजूंनी थोडं थोडं, नाहीतर आर्म वाकतो. संपल्यावर गरम टोक गुऱ्हाळाच्या चुलवणातल्या कोरड्या राखेत पुरलं आणि सकाळपर्यंत हात लावला नाही.

बुशच्या टोकाला रबर काढूनच वेल्ड करा, पण बुश बसतो ती बाही रिकामी ठेवू नका. उष्णतेनं ती अंडाकृती होते आणि बुश बसत नाही. घट्ट बसणारा लोखंडी गट्टू आत ठेवायचा, थंड झाल्यावर ठोकून काढायचा. चारी आर्म एकाच सी-चॅनलवर बोल्ट ठोकून केलेल्या साच्यात जुळवा, म्हणजे डावा-उजवा फरक राहत नाही.

ब्रॅकेट ६ मिमी पत्र्याचे, मागून टेकू दिलेले. चॅसीवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडा, डिझेलची टाकी उतरवा. बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि आट्याचा भाग ब्रॅकेटच्या भोकात यायला नको, तिथं गुळगुळीत दांडाच हवा.

कॉइल न घालता जॅकवर एक चाक पूर्ण वर, दुसरं पूर्ण खाली करून बघा. ब्रेकचा होज ताणतो का, प्रोपेलर शाफ्ट कुठं घासतो का, रॉड एंड ब्रॅकेटला अडकतो का. बंप स्टॉप (वर येणं अडवणारा रबरी ठोकळा) आणि खाली जाणं अडवणारा पट्टा ह्याच मापावरून ठरवायचा. मग गाडी चाकांवर उतरवून वरचे आर्म फिरवत पिनियनचा (हौसिंगमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर आणा. प्रोपेलर शाफ्टला दोन्हीकडं एकेक क्रॉस (फिरता सांधा) असेल तर हेच सूत्र. चेकनट आवळा. बुशचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा बघा. आणि आर्मला काळा रंग देऊ नका. मी पांढरा दिलाय. पोरं म्हणतात, दूध संघाची गाडी वाटतीय. पण बारीक तडा गेला की पांढऱ्यावर गंजाची रेघ उमटते, आणि मला ती खाली वाकल्यावर लगेच दिसते.