ब्रह्मी राजकारण्याची चरित्रनोंद कशी लिहावी: ऊ नू यांच्या निमित्ताने

ब्रह्मदेशातील राजकारण्यावर नोंद लिहिताना आधी नावातील नाव आणि उपाधी वेगळी करावी. ब्रह्मी लोकांत आडनावाची पद्धत नाही. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू यांचे नाव केवळ ‘नू’. ‘ऊ’ हे आपल्या ‘श्रीयुत’सारखे आदरार्थी संबोधन आहे. विद्यार्थिदशेतील ‘को नू’ आणि ब्रिटिशविरोधी चळवळीतील ‘थाकिन नू’ हेही तेच. ‘थाकिन’ म्हणजे मालक. गोऱ्या साहेबांसाठीचा हा शब्द तरुण राष्ट्रवाद्यांनी मुद्दाम स्वतःला लावून घेतला. वर्णानुक्रमात म्हणूनच ही नोंद ‘न’खाली यावी. माझ्या पहिल्या मसुद्यात ती ‘ऊ’खाली, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेल्या ऊ थांट यांच्या शेजारी, जणू दोघे भाऊबंदच असावेत अशी बसली होती.

जन्मतारीख पडताळण्याचा एक देशी उपायही आहे. ब्रह्मी प्रथेत जन्मवारावरून नावाचे आद्याक्षर ठरते आणि ‘न’ हे अक्षर शनिवारचे. नू यांचा जन्म 25 मे 1907 रोजी वाकेमा येथे झाला, आणि तो वार शनिवारच होता. अर्थात सगळेच ही प्रथा पाळतात असे नाही, त्यामुळे वार जुळला नाही तर तारीख लगेच खोडू नये.

कारकीर्द लिहिताना ‘1948 ते 1962 पंतप्रधान’ असे मोघम लिहिणे ही सर्वांत मोठी चूक होय. 19 जुलै 1947 रोजी स्वातंत्र्यचळवळीचे नेते आंग सान आणि त्यांच्या सहकारी मंत्र्यांची हत्या झाल्यावर ब्रिटिश गव्हर्नर ह्यूबर्ट रॅन्स यांनी नू यांना सरकार बनवण्यास सांगितले, आणि 4 जानेवारी 1948 रोजी, ज्योतिषांनी काढून दिलेल्या पहाटे 4 वाजून 20 मिनिटांच्या मुहूर्तावर, देश स्वतंत्र झाला. त्यानंतर 1956 मध्ये ते पायउतार झाले व बा स्वे पंतप्रधान बनले. 1957 मध्ये नू परतले. 1958 मध्ये सत्ताधारी आघाडी दुभंगल्यावर त्यांनी जनरल ने विन यांच्या काळजीवाहू सरकारकडे सूत्रे दिली. 1960 ची निवडणूक जिंकून ते पुन्हा आले. हे तीन कालखंड वेगळे दाखवल्याशिवाय 2 मार्च 1962 चा लष्करी उठाव अकस्मात झाल्यासारखा वाटतो.

त्यांच्या धर्मनिष्ठेला मात्र ऐसपैस जागा द्यावी, कारण ती राजकारणाबाहेरची बाब नव्हती. 1954 ते 1956 या काळात रंगूनला सहावी बौद्ध संगीती (धर्मपरिषद) त्यांच्याच पुढाकाराने भरली आणि 1961 मध्ये बौद्ध धर्म राज्याचा अधिकृत धर्म झाला. या निर्णयाने ख्रिस्ती काचिनांसारखे अल्पसंख्य समाज दुखावले.

मराठी लेखकाला मंडालेचे टिळक आणि रत्नागिरीचा थिबा राजा आठवणारच. पण नू यांच्या नोंदीत त्यांचे काम नाही. त्यांचा खरा भारतसंबंध उत्तरायुष्यातला आहे: उठावानंतर कैद, सुटका, थायलंडमधून सशस्त्र प्रतिकाराचा फसलेला प्रयत्न आणि मग 1980 मध्ये मायदेशी परतेपर्यंत भोपाळमधील वास्तव्य.

1988 च्या लोकशाहीवादी जनउठावात त्यांनी समांतर सरकार ‘जाहीर केले’ असेच लिहावे. ‘स्थापन केले’ लिहू नये, कारण सत्ता त्यांच्या हाती आलीच नाही. पुढे ते 1992 पर्यंत नजरकैदेत होते. स्थलनामांसाठी 1989 ही सीमारेषा धरावी: त्याआधी रंगून, नंतर यांगून. त्यामुळे 14 फेब्रुवारी 1995 या मृत्युदिनापुढे ‘यांगून’ लिहून कंसात एकदाच ‘पूर्वीचे रंगून’ असे द्यावे.