बादलीत पांढरी बुरशी आली? टाकू नका, तीच खत करते

कंपोस्टच्या बादलीचं झाकण उघडलं आणि आत कापसासारखं पांढरं जाळं दिसलं की लोक घाबरतात आणि भरली बादली घंटागाडीत रिकामी करतात, आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या महिन्यात दोन घरी हेच झालं, मला खरंच वाईट वाटलं. अहो, ती बुरशीच तर काम करत असते. भाजीची देठं, साली बॅक्टेरिया पटकन संपवतात, पण वाळका पाला, पुठ्ठा, रसवंतीवरचं चिपाड असल्या चिवट मालाला बुरशीच लागते.

ही बुरशी बाहेरून घालायची तर ट्रायकोडर्मा घ्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या बुरशीची पावडर. नाशिकला ती मिळणं सोपं आहे, द्राक्षवाले वापरतात त्यामुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पावडर मिळते. तारीख बघूनच घ्या, आत जिवंत बुरशी असते, जुनं पाकीट म्हणजे नुसती माती.

20 लिटरची बादली, तळाला आणि बाजूंना भोकं, खाली 3-4 इंच नारळाच्या शेंड्या नाहीतर फाडलेला पुठ्ठा. लिटरभर पाणी रात्रभर उघडं ठेवा म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो, मग त्यात लिंबाएवढा गूळ विरघळवा, 2 चमचे पावडर ढवळा आणि थोडं थोडं शिंपडा. नंतर रोज एक वाटी ओला कचरा टाकला की वर दीड-दोन वाट्या वाळका. आठवड्याला परत थोडं ट्रायकोडर्मा.

ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पुठ्ठा वाढवा. आणि रोज ढवळू नका प्लीज! जाळं तुटतं, बुरशीला परत पहिल्यापासून पसरावं लागतं, 8-10 दिवसांनी एकदा पुरे. एप्रिल-मे मध्ये बादली गच्चीवरच्या उन्हात अजिबात नको, 25 ते 30 अंशांत ट्रायकोडर्मा खुश असतं.

पांढऱ्याचं हिरवं झालं तरी घाबरू नका, ट्रायकोडर्माचे बीजाणू हिरवेच असतात. काळं, चिकट आणि घाण वास म्हणजे मात्र पाणी जास्त झालंय, हवा कमी पडतेय. दमा असेल त्यांनी ढवळताना मास्क लावाच. बागेतून छाटणीच्या काड्या आणणार असाल तर बोर्डो किंवा दुसरं बुरशीनाशक नुकतंच मारलेल्या नको, आपलीच बुरशी मरेल.

काड्या, भुसा जास्त असेल तर ढिंगरी मशरूम करणाऱ्याकडून वापरून झालेल्या बेडचा चुरा मागून आणा, लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडण्यात ढिंगरी ट्रायकोडर्मापेक्षा पुढे आहे.

अडीच-तीन महिन्यांत माल भुरभुरीत होतो, चाळून घ्या. चाळणीवर राहिलेल्या जाड तुकड्यांना अजून पांढरे धागे चिकटलेले असतात, ते पुढच्या बादलीत विरजण म्हणून टाका.